कापसात गुंडाळलेले वाळे

नांदेड सुटल्यापासून पुढच्या सीटवरून लेकराच्या वाळ्यांची रुणझुण येत होती. चंद्रप्रभाबाईंचा मंगळवार होता. उतरताना त्या लेकराच्या हातात द्यावं म्हणून त्यांनी उपासाचं केळं राखून ठेवलं. जप चालू होता, पण पुढच्या दोघी जावांचं बोलणं कानावर येतच होतं.

“इंग्लंडात काय काय पाहिलं, अक्का?”

“आमच्या मुकुलनं यॉर्क फिरवलं. गावाभोवती दगडी कोट हाय, त्याच्यावरून चाललो. मग म्युझियम. तिथं मी चपला काढल्या.”

“अगं बाई! म्युझियमात?”

“काचेआड आपल्या देवघरातला रेणुकामायचा चांदीचा टाक होता. चपला घालून कशी उभी ऱ्हाऊ?”

“तसलाच दुसरा असंल.”

“समईनं काळा पडलेला कोपरा मी वळखणार न्हाई?”

“पण तो तर तुम्ही गंगेत सोडला ना?”

“न्हाई गं. सोनाराकडं आटवला. माझ्या डोळ्यादेखत. त्याच चांदीचे मुकुलला वाळे केले.”

“मग तिथं कसा?”

“शंभर वर्सांपासून तिथंच हाय म्हणे. मुकुलनं पाटी वाचली. अन् त्या टाकाकडं बघतच म्हणला, ‘आई, मी आता इथून हलत न्हाई.’”

“अक्का, मायची माफी मागा.”

“त्याच्यासाठीच माहूरला चालले. वाळे घे म्हणते, माझं लेकरू दे.”

“कुठं हायत वाळे?”

“पिशवीत. कापसात गुंडाळून गाठ मारली. जरा बी वाजत न्हाईत.”

माहूर आलं. चंद्रप्रभाबाई केळं घेऊन पुढं वाकल्या. दोघींच्या मांडीवर लेकरू नव्हतं, नुसती पिशवी होती.

रुणझुण मात्र चंद्रप्रभाबाईंच्या शेजारून, एकेक पाऊल टाकत, दाराकडं गेली.