ओळंबा

कानाच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघणाऱ्या शिक्षिकेने पेपर मिटला. शेजारच्या बाकावर म्हातारा गवंडी आणि त्याची बायको यांची जुंपली होती.

"परत चक्कर आली म्हणजे तुम्ही चोरून मीठ खाल्लंत."

"या कानाशी बोल. त्या कानात नुसती शिट्टी वाजते."

"मीठ! डॉक्टरांनी बंद केलंय ते!"

"चिमूटभर गं. किती वर्षं अळणी गिळायचं?"

"मीही तेच गिळते ना?"

"तुला कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही. चक्कर आली की ओळंब्याकडे बघता ना? भिंत सरळ आहे का बघायचा तुमचाच ओळंबा, मुद्दाम पलंगासमोर टांगलाय."

"बघतो. डोळ्यांना तोही फिरताना दिसतो, पण ओळंबा खोटं बोलत नाही. तेवढाच धीर येतो... अगं, आली."

"काय?"

"चक्कर. भिंत फिरतेय."

"अगंबाई, ओळंबा घरी राहिला हो!"

"राहू दे. तू समोर उभी राहा."

"मी?"

"हो. लग्न झाल्यापासून स्वतःच्या म्हणण्यावरून तसूभर हलली नाहीस."

शिक्षिकेने पाय आखडून वाट दिली. बायको समोर येऊन ताठ उभी राहिली.

"बघा मग. आणि मीठ बंद म्हणजे बंद."