चौथ्या चाकाची सुई

माझं माहेर गडचिरोलीकडच्या जंगलातलं, धानोऱ्याच्या पल्याड. बाप तेंदूपत्ता, मोहफूल वेचाचा, धानाच्या वावराची लहानशी बांदी होती, पन बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यानं एकच धरून ठेवलं, पोरगी शिकली पाह्यजे. तसं सातवीपर्यंत शिकली मी. मंग लग्न झालं, घुग्घुस गावाले आली. माझ्या घरच्याचं वाइंडिंगचं दुकान होतं, म्हनजे जळालेल्या विजेच्या मोटारीची जुनी तार काढाची आन् नवी गुंडाळाची, वेढे मोजून. काय सांगू तुमाले भाऊ, दोनच वर्षात त्याची नजर गेली. गुंडाळीवर लावाचं वार्निश डोळ्यात उडालं होतं, ते निमित्त झालं का काय, डॉक्टरलेबी नीट सांगता नाई आलं. तवापासून तार मी गुंडाळो आन् वेढे तो मोजे, गुंडाळाच्या मशीनच्या हँडलचा आवाज ऐकून. एक वेढा चुकत नसे त्याचा.

लोकं पहिले हसत. बाईमानूस मोटार भरून राह्यली म्हने. मंग मोटारी टिकाले लागल्या तसं हसनं बंद झालं.

तर तुमी ते गाडीचं विचारलं. शहाऐंशी-सत्त्याऐंशी असंन. आमच्याकडं एका कारखान्यात नवी मशीन बसवाले एक गोरा साहेब आलता, आन् त्याच्यासाठी बाहेरदेशातून गाडी आनली होती. तिच्यावर डायवर होता नामदेवभाऊ. आमच्याच वस्तीतला, बुद्धविहारात सकाळी झाडू मारनारा मानूस, दारूच्या वासालेबी उभा नाई राहाचा. एक दिवस दुपारी कारखान्याच्या गेटवर गाडी हळूहळू येत होती, आन् थांबाच्या जागी थांबलीच नाई. गेट उघडाले आलेला चौकीदार होता दौलतभाऊ, त्याचा पाय गाडीच्या आन् खांबाच्या मधात सापडला. हाड मोडलं.

झालं, सगळे म्हनाले नामदेव पिऊन होता. दौलतभाऊबी तसंच म्हने, एवढ्या हळू गाडीचा ब्रेक कोनाले लागत नाई? पोलिसात नाव गेलं, कामावरून घरी बसवलं. कारखान्याच्या मिस्तऱ्यानं ब्रेक खोलले, तेल बदललं, रोडवर जोरात पळवून पाह्यली, गाडी जागच्या जागी थांबे. म्हनजे गाडी चांगली, डायवर खोटा.

नामदेवभाऊ दुकानात येऊन बसला. मंग म्हने, बाई, मी ब्रेक दाबला होता, पन पायाखाली पायडल थरथरलं, गुरगुरलं, आन् गाडी पुढंच सरकली. मी विचारलं, जोरात असतानी होते का हळू असतानी? तो म्हने, थांबता थांबताच होते, एकदम हळू असतानी. मी म्हटलं, हे तुमी कोनाले सांगतलं का? तो म्हने, सांगतलं, पन कोन आयकते.

त्या गाडीत एक डब्बा होता म्हने, चाक अडकून गाडी घसरू नये म्हून आपोआप ब्रेक सोडनारा-धरनारा. मी त्याले विचारलं, चाक अडकलं हे डब्ब्याले कसं समजते? तो म्हने, चारी चाकाजवळ अंगठ्याएवढं काईतरी बसवलं हाय, त्याले दोन तारा हायेत. माझा घरचा तिकडून म्हने, दोन तारा म्हनजे आत गुंडाळी असंन, चुंबकावर. सायकलच्या डायनमोवानी. तार असंन तर तू भिऊ नको, जा.

गेली मी, वीज मोजाचं सुईवालं मीटर घेऊन. मॅनेजरसाहेब म्हने, ही बाई त्या गाडीले हात लावनार? मी म्हटलं, साहेब, तुमच्या कारखान्याच्या मोटारी जळतात तवा कोनाकडं धाडता? माझ्याचकडं ना? तो गोऱ्या साहेबाकडं वळला. गोऱ्यानं काय विचारलं, मॅनेजरनं काय सांगतलं, मले समजलं नाई, पन गोऱ्यानं हो म्हून मान हालवली.

पहिले मी त्या डब्ब्याचा फ्यूज काढाले लावला, म्हनजे डब्बा बंद. मैदानात नामदेवभाऊनं गाडी हळू चालवून ब्रेक मारला. थांबली. फ्यूज लावला, परत तशीच हळू आनली, पायडल गुरगुरलं आन् गाडी हातभर पुढं सरकली. सगळ्याईनं पाह्यलं. मॅनेजर म्हने, डब्बाच खराब असंन, नवा बाहेरदेशातून येईल तवा पाहू. मी म्हटलं, थांबा जी, चाकं पाहू द्या.

जॅकवर एकेक चाक उचललं. त्या दोन तारा मीटरले जोडल्या आन् चाक हातानं फिरवलं. पहिल्याले सुई हालली. दुसऱ्याले तेवढीच, तिसऱ्याले तेवढीच. चौथं मागचं उजवं. फिरवलं, सुई जराशी थरकली आन् बसली. अजून फिरवलं, तसंच. मी घाई केली नाई. तीनदा पाह्यलं, मंग ते अंगठ्याएवढं काढलं. टोकाले चुंबक होता, त्याले लोखंडाचा कीस दाढीवानी चिकटलेला, आन् बसाच्या जागी गंजाचा थर, म्हून ते वर उचललं गेलं होतं. चाकासंगं फिरनाऱ्या दात्याच्या कड्यापासून दूर गेलं, म्हून त्याच्यात वीज कमी बने. गाडी जोरात असली का खबर पोचे, हळू झाली का पोचत नसे. डब्ब्याले वाटे चाक अडकलं, तो ब्रेक सोडून दे.

फडक्यानं कीस पुसला, गंज घासला, पक्कं बसवलं. सुई बाकीच्याईच्या बरोबरीनं हालली. मैदानात दहा-बारा डाव थांबवून पाह्यली. नामदेवभाऊ उतरला आन् तिथंच मातीत बसून गेला.

दौलतभाऊ प्लास्टरचा पाय घेऊन बाकावर बसून सगळं पाहून राह्यला होता. त्यानं नामदेवभाऊले जवळ बोलावलं, म्हने, मी खोटं बोललो नाई भाऊ, पन मले माईतबी नव्हतं. दुसऱ्या दिवशी बैलबंडीतून स्वतः ठाण्यात गेला, बयान बदलून आला. नामदेवभाऊ कामावर लागला. दौलतभाऊचा पाय मात्र सरळ झाला नाई, जलमभर लंगडत चालला. ते काई माझ्या मीटरनं दुरुस्त होनारं नव्हतं.

आता ते दोघंबी नाई राह्यले, माझा घरचाबी नाई. हात थरथरतात, वाइंडिंग माझी पोरगी करते. मी पायरीवर बसून राहते. जे झालं ते झालं, रडगानं नाई माझं. चहा घेतल्याबिगर जाऊ नका भाऊ, आन् घरी माझा जयभीम सांगा.