सगळ्यात खालची ओळ

…नाही नाही, मागे नका सरकू, मास्तर — हनुवटी त्या टेकूवर ठेवा, कपाळ पट्टीला लावा — हं, अस्सं. आणि आता बोलू नका, बोललात की डोळा हलतो. मीच बोलते. तर काय सांगत होते — बेट. हो, लग्न बेटावर. कुणाचं म्हणजे? माझंच! दचकू नका हो, यंत्र हलतं. एक्कावन्नाव्या वर्षी चष्मेवाली लग्न करते म्हटल्यावर लोक दचकतातच, मला सवय झालीय. हिरवा ठिपका दिसतोय ना? त्याच्याकडेच बघत राहा. तर बेटावर काही नाही. हॉटेल नाही, दुकान नाही, नळ नाही. नुसती झाडी, खडक आणि वनखात्याची एक पत्र्याची शेड. होणारा नवरा तिथं पक्षी मोजतो. आठ महिने मोजतो, चार महिने इथं येऊन मोजलेले लिहून काढतो. चष्म्यालाच आला होता माझ्याकडे. म्हणाला, लांबची चोच दिसते, ताटातला घास दिसत नाही. म्हटलं, बसा. तो बसला तो बसलाच! — झालं, काढा हनुवटी.

आता ही फ्रेम घाला. जड आहे, नाकावर नीट बसू दे. समोरचा तक्ता बघा — हे बरं, की हे? पहिलं? परत दाखवते, घाई नाही. आमंत्रणं ना, एकतीस दिली. मावशी, मामा, चुलत बहिणी, आईच्या मैत्रिणी, आणि दादा-वहिनी. होडी जाते भरतीला, येते दुसऱ्या दिवशी, आणि माणसं मावतात बारा. मग एकतीसजण कसे बसवणार, असंच म्हणताय ना? मास्तर आहात, हिशेब लगेच केलात. बसवायची वेळच आली नसती हो. मला ठाऊक होतं. हे बरं, की हे?

फोन मात्र सगळ्यांचे आले! इतक्या प्रेमानं आयुष्यात कुणी बोललं नव्हतं माझ्याशी. मावशीचा गुडघा, मामाला पाणी बघून चक्कर, चुलत बहिणीच्या मुलीची परीक्षा — आणि प्रत्येकाचं शेवटी तेच, अगं इथं असतं तर नाचत आलो असतो. इथं असतं तर! इथंच करू म्हणत होता तो. गल्लीच्या टोकाला हॉल आहे, तुम्ही त्याच्यासमोरूनच आलात. मीच नको म्हटलं. का म्हणजे — तो तिथं काम करतो, निसर्ग, शांतता, सगळ्यांना असंच सांगितलंय. तुम्हालाही तेच सांगते.

…नाही. खरं सांगू? हे दुकान उघडलं ना, त्या दिवशी मी चाळीस खुर्च्या मागवल्या होत्या. इथपासून पार त्या खांबापर्यंत. तिघं आले. त्यातला एक टपालवाला. संध्याकाळी खुर्च्या न्यायला आलेला माणूस म्हणाला, बाई, बऱ्याच खुर्च्यांच्या दोऱ्यासुद्धा सोडलेल्या नाहीत. हॉलमध्ये पुन्हा तेच झालं असतं, तर मी काय समजायचं होतं? बेटाचं कसं, समुद्र आहे मधे. आलं नाही कुणी तर समुद्रामुळे नाही आलं. त्यांची सुटका, माझीही सुटका — सुंठीवाचून खोकला गेला.

दादा कुठं राहतो? इथून डावीकडे, दोन गल्ल्या पलीकडे. हसू नका. आई गेली आणि त्याची इकडे यायची सवयच गेली. भांडण नाही हो झालेलं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून डॉक्टरकडे न्यायचा, चढावर धापा टाकायचा, पण उतर म्हणून कधी म्हणाला नाही. बाकीचे तीस नाही आले तर मला खरंच काही वाटणार नाही. तो एक आला पाहिजे. रविवारी आहे लग्न. — डावा डोळा झाका.

आता जवळचं. हे घ्या, हे वाचा. हो, पत्रिकाच आहे. वाचनाचा तक्ता फाटला, आणि छापखाना शंभराच्या खाली छापत नाही, मग उरलेल्या याच कामाला लावल्या. तक्त्यासारखीच करून घेतलीय — वर मोठं, खाली बारीक होत जातं. मोठ्यानं वाचा. हं — नावं बरोबर. खाली. बेट, तारीख, बरोबर. होडीची वेळ — हं. त्याच्या खाली? 'समुद्र खवळलेला असल्यास येण्याचा आग्रह नाही. आम्ही समजून घेऊ.' वा! दादाही इथपर्यंत वाचतो. परवा फोनवर म्हणाला, तू किती समजूतदार आहेस गं, किती विचार करून लिहिलंस. वहिनीही मागून हो हो म्हणत होती. त्याचा चष्मा मीच केलाय. चार वर्षं झाली, नंबर वाढला असणार, ये म्हटलं तर येत नाही. त्या काचांतून त्याला इथपर्यंतच दिसतं, याच्या खाली काही दिसणार नाही. छापताना माहीत होतं का मला? — दिव्याखाली अंधार म्हणा हवं तर. माहीत होतं. मोठ्या अक्षरात लिहायचा धीर झाला नाही.

थांबा, पाव नंबर वाढवते. आता? अजून एक ओळ दिसतेय? बघा नीट. घाई नाही.

'तरीही ये.'

…हं. बरोबर. एकही अक्षर चुकलं नाही.

असे माझ्याकडे काय बघताय, फ्रेम काढा ती, नाक दुखेल. चष्मा बुधवारी मिळेल. नाही, मी नाही सांगायची त्याला फोन करून. सांगून आला तर काय आला? आणि तुम्हीही त्याचं घर विचारू नका. अहो — ती पत्रिका खिशात कशाला घालताय, पुढच्या गिऱ्हाइकाला वाचायला लागते… मास्तर, डावीकडे नाही, तुमचं घर उजवीकडे…

…दार तरी ओढून घ्या.