उंदराची करामत

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या गॅरेजात टायर बदलून घ्यायला बसलो होतो. शेजारी म्हातारा रेनो, बायको यायच्या आत, मेकॅनिकला गळ घालत होता.

"ड्वाइट, बोनेटखालची आग मी जोडलेल्या दिव्यांच्या वायरमुळे लागली, हे एल्माला सांगू नकोस. नाहीतर अंगणातल्या वाफेच्या सॉनाचं वायरिंग ती मला करू द्यायची नाही."

"मग काय सांगू?"

"उंदरानं वायर कुरतडली म्हण."

"आल्याच बघ वहिनी."

"काय झालं होतं रे, ड्वाइट?"

"उंदीर, वहिनी. वायर कुरतडली. सगळी नवीन टाकलीय, गाडी ठणठणीत."

"बघू ती जळकी वायर. ही टेपपण उंदरानंच गुंडाळली?"

"इकडचे उंदीर फार नीटनेटके, वहिनी."

"रेनो, त्या उंदराला सांग, सॉनाच्या वायरला तोंड लावलं तर माझ्याशी गाठ आहे."