जगाच्या तेलाचा कौल

जगाचं तेल पुरणार का, यावर तुम्ही आज भांडताय? अरे, रत्नागिरीत आम्ही हे ऐंशीच्या दशकातच थेट देवाला विचारलंय!

आमच्या सदूकाकाने शिडाच्या होडीला डिझेलचं इंजिन बसवायचं ठरवलं आणि नेमकं पेपरात आलं, जगातलं तेल संपत चाललंय. झालं! काका तडक देवळात.

गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, "देवा, जगाला तेल पुरणार असेल तर उजवी पाकळी दे!"

आम्ही श्वास रोखून बघतोय, आणि टपकन उजवीच पडली! काका नाचायलाच लागला, "पुरणार! अरे, पुरणार!"

गुरव म्हणाला, "सदू, जगाला पुरेल म्हणाला देव. रत्नागिरीपर्यंत येईल का, तेही विचारू?"

काकाने त्याचे हातच धरले. "मेल्या, नको! इंजिन मुंबईहून सुटलंय!"