कांताबाईचा स्लॅब

(कन्हानमधली एक गल्ली. मे महिन्याची संध्याकाळ. पत्र्याच्या घराच्या ओसरीत सासू भीमाबाई आणि सून रोशनी, मुलगा संघपालची बायको. रोशनीच्या कडेवर तीन वर्षांची बुलबुल.)

रोशनी : ...पण आई, तीन वर्षांपूर्वीसारखी वावटळ पुन्हा आली तर? या गल्लीत स्लॅब फक्त कांताबाईंच्या घराला आहे.

भीमाबाई : मले काहून सांगून राहिली? तिच्या घरात मी पाय ठेवत नाही.

रोशनी : आकाश बघा, पिवळं पडलंय.

भीमाबाई : तुले रोजच पिवळं दिसते. काल शेजारचा कूलर सुरू झाला, तरी वादळ समजून तू पोरगी घेऊन दारात.

रोशनी : मग काय करू? त्या वर्षी अख्ख्या गल्लीचे पत्रे उडाले, आणि आपण काय केलं? चौकात वावटळीचा सिमेंटचा पुतळा बांधला. मंडळाचे अध्यक्ष गणपतराव अनावरणाला म्हणाले, गाव पुन्हा उभं राहिलं. तेवढं बोलेपर्यंत त्यांच्यामागचा मंडप आडवा.

भीमाबाई : तो प्रीतम मंडपवाल्याचा. तो बांधतेच तसा.

रोशनी : आणि उभं राहिलं म्हणजे काय, तर ज्याच्या अंगणात जो पत्रा पडला, तो त्यानं ठोकला. आपल्या डोक्यावरचे निळे पत्रे गणपतरावांच्या गोठ्याचे. त्यांच्या गोठ्यावर पलीकडच्या यमुताईंचे. बारशाला गेलं तरी लोक बाळाआधी छप्पर बघतात.

भीमाबाई : मग उघड्यावर राहायचं होतं? आपले नवे कोरे पत्रे कांतीनं नेले, घराले स्लॅब असून, न्हाणीवर टाकाले. भर उजेडात.

रोशनी : तेवढ्यावरून बोलणं बंद. गल्लीतल्या प्रशिकच्या साखरपुड्यात एकमेकींकडे पाठ करून बसलात. फोटोवाला म्हणाला, एक बाई तरी फिरा. एकाच वर्षी या गल्लीत नांदायला आलात तुम्ही दोघी. पत्र्यासाठी असं कोणी तोडतं का?

भीमाबाई : पत्र्याचं बरं असते. लोकाले सांगता येते.

रोशनी : म्हणजे?

भीमाबाई : तू बाळंतपणाले इतवारीत, माहेरी. संघपाल ड्युटीवर. घर हालाले लागलं तशी मी धावत गेली तिच्याकडं. दोन्ही हातानं दार ठोकलं. म्हटलं, कांते, मी आहो वं.

रोशनी : मग?

भीमाबाई : खिडकीतून पाहून राहिली होती. कडी काही काढली नाही.

रोशनी : हे तुम्ही यांनाही सांगितलं नाही?

भीमाबाई : काय सांगू? दुसऱ्या दिवशी म्हणे, हवेत ऐकूच आलं नाही. तेव्हाच आपले पत्रे उचलून नेऊन राहिली होती. मी तेच धरलं.

रोशनी : आणि वादळात तुम्ही कुठे होतात?

भीमाबाई : मोरीत. पाणी भरायचा पितळी गुंड डोक्यावर पालथा घालून. हास, हासायचं असंल तर.

रोशनी : नाही हसत. आई... तो कोपऱ्यातला पत्रा उचलतोय.

भीमाबाई : दिसून राहिलं मले.

रोशनी : बुलबुलला मी इथे ठेवणार नाही. आणि तुम्हाला सोडून जाणार नाही. सांगा आता.

भीमाबाई : चाल मग. पोरीचं डोकं झाक पदरानं.

रोशनी : त्यांनी आजही उघडलं नाही तर?

भीमाबाई : तू हो पुढं. लेकराले खिडकीच्या गजापाशी धर, मग उघडंल थे. मी भिंतीआड उभी राहीन. दिसणार नाही तिले.