उजेडात पाहण्यासाठी दुकानाबाहेर नेलेल्या लॅपटॉपबाबत

जबाब

नाव: कागदोपत्री आहे ते वेगळे, बाजारात सगळे उजेडमामा म्हणतात. वय: चौपन्न वर्षे. धंदा: कापड दुकानात विक्री, सूट-शर्टाचा काउंटर. राहणार: त्याच दुकानाच्या वर, जिना चढून डावीकडची खोली.

मी पोलीस ठाण्यात स्वतः उभा राहून (नंतर हवालदारांनी खुर्ची दिली) विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी धाकटी बहीण आणि तिची मुलगी असे तिघे राहतो. बहीण चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. भाची विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला भूगोल शिकते. माझे लग्न झालेले नाही. मूलबाळ नाही. भाची आहे.

आज दुपारी अडीचच्या सुमारास मी व भाची, वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानात गेलो. पैसे माझ्या आतल्या खिशात होते. हे मुद्दाम सांगतो, कारण चोरी करायला निघालेला माणूस पैसे घेऊन निघत नाही.

भाचीला आज पाचच्या आत लॅपटॉप घेऊन विभागात हजर व्हायचे आहे. तिच्या शिकवणाऱ्या बाई दहा मुलांना घेऊन महिनाभर नदीकाठची मोजणी करायला आणि नकाशे बनवायला जाणार आहेत. तिकडे संगणकाची खोली नाही, म्हणून ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप त्याचेच नाव घेणार. यादी पाचला बंद होते. आत्ता ठाण्यातल्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटे आहेत आणि लॅपटॉप हवालदारांच्या टेबलावर जप्त आहे. म्हणून मी जबाब थोडक्यात देणार आहे.

हवालदारांनी विचारले की, विद्यापीठातल्या मुलांना लॅपटॉप लागतोच का? त्यांचा मुलगा यंदा प्रवेश घेतो आहे आणि त्याने लॅपटॉपसाठी घर डोक्यावर घेतले आहे. हा प्रश्न गुन्ह्याशी संबंधित नाही असे माझ्या मागोमाग ठाण्यात आलेली भाची बाकावरून म्हणाली. तरीही विचारल्यावरून सांगतो की, मी वर्षभर ‘लागत नाही’ याच बाजूचा होतो. नकाशे काढायला कागद-पेन्सिल लागते, असे माझे म्हणणे होते. भाचीनेही हट्ट धरला नाही. "मोबाइलवर भागतं रे मामा, आणि ग्रंथालयात संगणक आहेतच की," असे ती म्हणायची. मला ते सोयीचे होते.

गेल्या महिन्यात ती चष्मा घरी विसरली म्हणून मी द्यायला गेलो. संगणकाच्या खोलीबाहेर जिन्यापर्यंत रांग होती. भाची भिंतीला टेकून खाली बसली होती आणि मोबाइलवर अंगठ्याने निबंध लिहीत होती. अंगठ्याला चिकटपट्टी लावलेली होती. मी विचारले, "कधीपासून बसलीस?" ती म्हणाली, "रोजचंच आहे हे. माझा नंबर येईस्तोवर खोली बंद करायला येतात," आणि हसली. मी चष्मा दिला व परत निघालो. बस आली होती, पण मी चढलो नाही, चालत घरी आलो. मला फार वाईट वाटले.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे की, सगळ्यांना सारखा लागत नाही. हवालदारांचा मुलगा इतिहास घेणार आहे. त्याचे पहिले काही महिने ग्रंथालयावर निघतील, आधी विभागात जाऊन काम काय करायचे ते विचारा आणि मग दुकानात जा, असे भाचीने बाकावरून सांगितले. हवालदारांनी हे वेगळ्या कागदावर उतरवून खिशात ठेवले.

कसा मिळवायचा असे विचारल्यावरून सांगतो की, आम्ही सगळे करून पाहिले. बहिणीच्या मालकांनी त्यांचा जुना लॅपटॉप देऊ केला. तो चालू केला की शिलाई मशीनसारखा खडखडायचा आणि वायर जरा हलली की मान टाकायचा. मग कळले की विद्यापीठातून उसना मिळतो. पण तो पंधरा दिवसांपुरता आणि गावाबाहेर नेता येत नाही. बहीण म्हणाली, हप्त्याने नवा घेऊ. भाचीने हप्त्यांचा कागद वाचला आणि "आई, याचे हप्ते फिटेपर्यंत मी म्हातारी होईन गं," म्हणून परत दिला. शेवटी तिच्या एका मैत्रिणीने हे दुकान सांगितले. वापरलेला लॅपटॉप, नवी बॅटरी, वर्षभराची हमी.

दुकानात काउंटरवरच्या बाईंना मी पन्हा विचारला. कापडाच्या रुंदीला आम्ही पन्हा म्हणतो. त्यांनी भाचीकडे पाहिले. भाचीने पडद्याकडे बोट दाखवले. मग त्यांनी साडेपंधरा इंच सांगितले. एवढ्या पन्ह्यात जेमतेम रुमाल बसेल, असे मी म्हटल्यावर भाचीने माझी बाही ओढली. त्यानंतरचे प्रश्न तिनेच विचारले व ते मला कळले नाहीत.

भाचीने राखाडी रंगाचा एक निवडला. तिच्या नकाशांचे काम पेलेल आणि आमच्या खिशाला झेपेल असा तो एकच होता. बिल करायला ती बाईंबरोबर आत गेली आणि जाताना मला म्हणाली, "मामा, तू हा धरून इथंच थांब." माझी चूक एवढीच की मी धरला, पण थांबलो नाही.

याचा खुलासा असा. मिसरूड फुटल्यापासून मी कापड विकतो आहे. ट्यूबलाइटखाली राखाडी आणि निळा एकसारखेच दिसतात. कोट एका रंगाचा आणि पँट भलत्याच रंगाची घालून उभे राहिलेले कितीतरी नवरदेव मी डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून गिऱ्हाइकाने विचारो न विचारो, मी कापडाचा तागा बगलेत मारतो आणि रस्त्यावर उजेडात नेऊन दाखवतो. माल हातात आला की माझे पाय आपोआप दाराकडे निघतात. तसे ते आजही निघाले.

दारात भोंगा वाजला. कोणीतरी काहीतरी लांबवले असावे असे वाटून मी बाजूला सरून वाट दिली. कोणी आले नाही, तेव्हा पुढे गेलो. दुकानाच्या बाजूला सावली होती म्हणून रस्ता ओलांडून बसथांब्यापाशी उन्हात उभा राहिलो. रंग राखाडीच होता आणि चांगला होता. झाकण उघडले तर पडद्यावर माझे तोंड आणि मागची बस एवढेच दिसले. आपल्याला फसवले, अशी माझी समजूत झाली. भर उन्हात पडदा दिसत नाही हे भाचीने नंतर ठाण्यात सांगितले.

तेवढ्यात दुकानाचा रखवालदार "पकडा, पकडा!" असे ओरडत माझ्या दिशेने धावत आला. चोर माझ्याच बाजूने निसटला असणार हे ओळखून मी मदतीला धावलो. लॅपटॉप बगलेत होता. मीही "पकडा, पकडा!" असे ओरडत होतो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आले की माझ्या पुढे कोणीच पळत नाही. तिथे फळवाल्याने मला कमरेला मिठी मारून धरले. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्याने लॅपटॉपला धक्का लागू दिला नाही.

मला ठाण्यात आणल्यावर लॅपटॉपचे दुकानदार फार तापलेले होते. हवालदारांनी माझ्या कापड दुकानाच्या शेठना फोन लावला आणि चोरीचे काही न सांगता फक्त विचारले की, तुमचा माणूस दुसऱ्याच्या दुकानातला माल घेऊन बाहेर का पडला असेल? शेठ म्हणाले, "उजेडात बघायला, दुसरं काय! मागं दवाखान्यातून औषधाची बाटली घेऊन असाच निघाला होता. सोडा त्याला, इथं गिऱ्हाईक खोळंबलंय." फोनचा आवाज मोठा असल्याने हे सर्वांनी ऐकले. दुकानदार आधी खोकले, मग हसले, मग त्यांना पाणी द्यावे लागले. त्यांनी तक्रार नाही असे लिहून दिले आणि आमचे पैसे घेऊन बिलही इथेच केले. मध्येच बहिणीचा फोन आला. "दादा, बाहेर नेलास ना?" एवढेच ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

परंतु जप्त झालेला माल जबाब पुरा झाल्याशिवाय सोडता येत नाही, असे हवालदारांनी सांगितले. म्हणून हा जबाब.

इथवर सांगेपर्यंत साडेचार वाजले. भाची बाकावरून घड्याळाकडे पाहत होती. तिने मला एकदाही ‘आटप’ म्हटले नाही. मला ते पाहवेना. मी हवालदारांना म्हणालो, "साहेब, माझं काय लिहायचं ते सावकाश लिहा. लॅपटॉपच्या जागी मला जप्त करा, पण पोरीला जाऊ द्या."

हवालदारांनी घड्याळ पाहिले, लॅपटॉप उचलला आणि भाचीच्या हातात दिला. नियमात हे बसते की नाही मला माहीत नाही. बसत नसेल तर ही ओळ खोडावी. मला पकडायला धावलेला रखवालदार साक्षीसाठी थांबलेला होता. तो म्हणाला, "चल ताई, माझी गाडी बाहेरच आहे. पळण्यात मामांनी मला मागं टाकलं, गाडीवर कोणाच्या बापाला ऐकत नाही मी." दोघे गेले. मी टेबलाजवळ लॅपटॉपच्या जागी बसून राहिलो. मध्यंतरी चहा झाला.

पाच वाजून गेल्यावर हवालदारांच्या फोनवर भाचीचा फोन आला. ती धापा टाकत होती. "मामा, लागलं नाव! दहावं. मी आत शिरले आणि बाईंनी यादी बंद केली. तुला सोडलं का?"

मी सांगितले, "अजून जप्त आहे." ती खूप हसली. हवालदारही हसले. मग तिने विचारले, "मामा, महिनाभर मी नसणार घरी. तुला करमेल ना रे?"

"न करमायला काय झालं? मस्त करमेल," असे मी सांगितले.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे ते करमण्याचे वाक्य सोडून तो सर्व खरा आहे.